सदा भुकेले पिल्लू : त्याला खायला किती घालावे?



ज्या घरात मांजराचे पिल्लू आहे, त्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. "आत्ताच वाटीभर दूध प्यायले आणि पुन्हा पायांत घोटाळते आहे!" आजी म्हणतात, मांजराची जातच हावरी. वडील म्हणतात, लक्ष देऊ नका, नाहीतर सवय लागेल. धाकट्या भावंडाला दया येते आणि ते गुपचूप वाटी पुन्हा भरते. या तिघांपैकी बरोबर कोण? हा प्रश्न मतामतांवर सोडण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर गणिताने काढता येते, आणि त्यासाठी तुमचे नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तर हा प्रश्न घरोघरचा. हा ज्वारीचा मुलूख. जेथे धान्याची पोती आणि कणग्या, तेथे उंदीर. आणि जेथे उंदीर, तेथे मांजर. कळंब, वाशी, परंडा, कुठल्याही तालुक्यातील खेड्यात जा, मांजर हे लाडाचे असो वा नसो, धान्याचे राखणदार म्हणून ते पाळलेले असते. मोठे मांजर आपले पोट आपण भरते. पिल्लाला मात्र शिकार येत नसते. ते सर्वस्वी आपल्या वाटीवर अवलंबून असते, आणि त्या वाटीत बहुधा दूध-भाकरी असते. ती बरोबर की चूक, हेही आपण पाहणार आहोत. आधी 'किती' हे ठरवू, मग 'काय'.

जिवंत शेगडी

प्राण्याचे शरीर ही एक शेगडी आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु ते मोजून दाखवले फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात. त्यांनी एका भांड्याभोवती बर्फ भरला आणि आत एक जिवंत गिनीपिग ठेवला. गिनीपिग हा उंदराच्या जातकुळीतला, पण मांजराच्या पिल्लाएवढा प्राणी. त्याच्या अंगाच्या उष्णतेने बर्फ वितळत गेला. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फाचे पाणी झाले.

आता गणित करा. त्या काळचे फ्रेंच १३ औंस म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात (अप्रकट उष्म्याचा पाठ आठवा). म्हणजे ३२,००० कॅलरी, अर्थात ३२ किलोकॅलरी. आहारशास्त्रात या किलोकॅलरीलाच 'उष्मांक' म्हणतात व आपणही तोच शब्द वापरू. दहा तासांत ३२, तर चोवीस तासांत सुमारे ७७ उष्मांक. हा आकडा लक्षात ठेवा. थोड्याच वेळात तो आपल्याला वेगळ्या वाटेने पुन्हा भेटेल.

ही उष्णता कोठून आली? खाल्लेल्या अन्नातून. म्हणजे नुसते अंग उबदार ठेवण्यासाठीच प्राण्याला रोज ठरावीक अन्न जाळावे लागते. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा ही शेगडी मंद चालली तरी भागते. पण डिसेंबरच्या पहाटे बालाघाटच्या पठारावर झोंबणारा गारठा पडतो, तेव्हा बाहेरच्या हवेत आणि पिल्लाच्या अंगात पंचवीस अंशांहून अधिक फरक असतो. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम सांगतो की तापमानातील फरक जितका मोठा, तितकी उष्णता वेगाने निसटते. थंडीत पिल्लू चुलीच्या राखेत जाऊन का बसते, याचे उत्तर हेच. त्याला जुने पोते किंवा लोकरीचे फडके दिले, तर तुम्ही त्याच्या अन्नाचीही बचत करता.

लहान शरीर, मोठा खर्च

मांजर आकाराने लहान, मग त्याची भूकही लहान असावी, असे आपल्याला वाटते. एकूण पाहिले तर ते खरे आहे. पण वजनाच्या मानाने पाहिले तर बरोबर उलटे आहे.

१ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर, पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. घनफळ ८ झाले, पृष्ठफळ मात्र २४. पहिल्या घनात प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होता, दुसऱ्यात फक्त ३. उष्णता पृष्ठभागावाटे निसटते आणि ती निर्माण होते आतल्या मांसात. म्हणून शरीर जितके लहान, तितका दर किलोमागे उष्णतेचा व्यय अधिक. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, हे तुम्ही रोज पाहता.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ रूब्नर याने १८८३ साली ३ किलोपासून ३१ किलोपर्यंतच्या कुत्र्यांवर हे मोजले. सर्वांत लहान कुत्रा दर किलोमागे सर्वांत मोठ्या कुत्र्याच्या सुमारे अडीच पट उष्णता बाहेर टाकत होता. पुढे १९३२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणाऱ्या माक्स क्लायबर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने उंदीर, कबूतर, कोंबडी, कुत्रा, मेंढी, माणूस, बैल अशा निरनिराळ्या प्राण्यांचे आकडे एका आलेखावर मांडले. सगळे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आले. त्यातून निघालेला नियम असा : विश्रांतीच्या अवस्थेतील प्राण्याचा रोजचा खर्च हा त्याच्या वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात असतो. केवळ पृष्ठफळाचा विचार केला तर हा घात दोन-तृतीयांश यायला हवा होता. तो तीन-चतुर्थांश का येतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला हा वाद फार आवडतो, पण तो पुन्हा केव्हातरी. आपल्या पिल्लाला त्याने फरक पडत नाही.

तीन-चतुर्थांश घात ऐकून घाबरू नका. साध्या गणकयंत्रावर तो काढता येतो. किलोमधील वजनाचा घन करा, मग लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा. आलेल्या संख्येला ७० ने गुणा. झाला विश्रांतीचा रोजचा खर्च, उष्मांकांत.

१ किलोच्या प्राण्यासाठी घन १, वर्गमूळ १. म्हणून उत्तर ७०. लाव्हाझिएच्या गिनीपिगचा आकडा आठवला? दीडशे वर्षांच्या अंतराने, अगदी निराळ्या पद्धतींनी काढलेले दोन आकडे किती जवळ आले, पाहा.

म्हणजे नेमके किती?

पण पिल्लू काही विश्रांती घेत नाही. ते पळते, दोऱ्याशी झुंजते, पडद्यावर चढते. आणि मुख्य म्हणजे ते वाढते. जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. दोन महिन्यांचे होईतो ते ८०० ते ९०० ग्रॅमवर जाते आणि त्यानंतरही पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत साधारणपणे आठवड्याला १०० ग्रॅम भर पडत राहते. ही भर हवेतून येत नाही. वस्तुमान अक्षय्य असते. अंगावर चढलेला प्रत्येक ग्रॅम कधीतरी वाटीत असलाच पाहिजे. म्हणून पशुवैद्य वाढत्या पिल्लासाठी विश्रांतीच्या खर्चाच्या सुमारे अडीच पट अन्न धरतात. चार-पाच महिन्यांनंतर दुप्पट, आणि पूर्ण वाढलेल्या घरगुती मांजरासाठी सव्वा पटीच्या आसपास.

आता आकडे मांडू. ५०० ग्रॅमचे, म्हणजे पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू : विश्रांतीचा खर्च ४२, रोजची गरज सुमारे १०५ उष्मांक. १ किलोचे पिल्लू : गरज १७५. २ किलोचे, साधारण पाच महिन्यांचे पिल्लू : विश्रांतीचा खर्च ११८, गरज सुमारे २३५. आणि ४ किलोचे मोठे मांजर? विश्रांतीचा खर्च १९८, गरज सुमारे २४५.

शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. आईच्या निम्म्या वजनाचे पिल्लू जवळजवळ आईएवढेच खाते! दर किलोचा हिशेब केला तर ५०० ग्रॅमच्या पिल्लाला किलोमागे २१० उष्मांक लागतात, मोठ्या मांजराला ६१, आणि दिवसाला २,४०० उष्मांक खाणाऱ्या ६० किलोच्या माणसाला अवघे ४०. तुमच्या वजनाच्या मानाने पिल्लाची भूक तुमच्या पाचपट आहे. त्याला हावरट म्हणणे अन्यायाचेच आहे.

हाच हिशेब विजेच्या भाषेतही करता येईल. १७५ उष्मांक म्हणजे सुमारे ७ लाख ३२ हजार ज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की साडेआठ वॉट येतात. हल्लीचा ९ वॉटचा एलईडी दिवा रात्रंदिवस जळावा, तेवढी ही शक्ती आहे. ती पुरवायची एका मुठीएवढ्या पोटातून. म्हणूनच एकदा पोटभर खाल्ले की सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहायला नको, हे पिल्लाच्या बाबतीत जमत नाही. रानात मांजर जेवते तेही थोडे थोडे. एका लहान उंदरातून सुमारे ३० उष्मांक मिळतात. म्हणजे मोठ्या मांजराला दिवसाला आठ उंदीर, आठ वेगवेगळ्या वेळी. घरच्या पिल्लाला चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीनदा खायला घालावे. एकूण तेवढेच, पण वाटून.

वाटीत काय आहे?

येथपर्यंत भौतिकशास्त्राने साथ दिली. पण उष्मांक भरले म्हणजे काम झाले असे समजणारा मनुष्य पिल्लाचा घात करील. भुकेचे खरे कारण पुष्कळदा येथेच दडलेले असते.

५०० ग्रॅमच्या पिल्लाला आपण दिवसभरात ५० मिलिलिटर गाईचे दूध आणि २० ग्रॅम पिठाएवढी ज्वारीची भाकरी कुस्करून दिली असे समजा. दुधाचे सुमारे ३२ आणि भाकरीचे ७० मिळून १०२ उष्मांक झाले. हिशेब जुळला! आता प्रथिने मोजा. दुधातून १.६ ग्रॅम, भाकरीतून २ ग्रॅम, एकूण ३.६ ग्रॅम. वाढत्या पिल्लाच्या अन्नात, पाणी वगळून उरलेल्या वजनाचा सुमारे ३० टक्के भाग प्रथिनांचा असावा लागतो. या पिल्लासाठी तो सुमारे ८ ग्रॅम होतो. म्हणजे पोट भरले, पण प्रथिने निम्मीही मिळाली नाहीत. तिकडे पिष्टमय पदार्थ आणि साखर यांतून मात्र जवळजवळ दोन-तृतीयांश उष्मांक आले. मांजरांना वेगवेगळी खाद्ये पुढे ठेवून निवड करू दिली, तर ती काय निवडतात, यावरील प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मोठ्या मांजरांनी आपले निम्म्याहून अधिक उष्मांक प्रथिनांतून घेतले आणि पिष्टमय पदार्थांतून फक्त १२ टक्के. दूध-भाकरी खाऊन पिल्लू पुन्हा ओरडत असेल, तर ते खोटे ओरडत नाही.

आपल्या भागातील मुलांना शेळीची करडे चांगली ठाऊक असतात, आणि गोंधळ तेथूनच होतो. दूध सुटलेले करडू पाला खाते आणि धष्टपुष्ट होते, मग पिल्लू भाकरीवर का वाढू नये? शेळीच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव राबत असतात. ते पाल्यापासून प्रथिने तयार करून देतात. मांजराजवळ असा कारखाना नाही. उलट मांजराचे यकृत प्रथिने जाळतच राहते. अन्नात ती कमी पडली तरी ही भट्टी ते फारशी मंद करू शकत नाही. त्याला गाजर-पालकातील पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही. टॉरिन नावाचा पदार्थही ते गरजेइतका बनवू शकत नाही. १८२७ साली बैलाच्या पित्तात सापडलेला हा पदार्थ मांस-मासळीत असतो, धान्यात नसतो. तो न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ साली, आणि हृदय सैल पडते, हे १९८७ साली सिद्ध झाले. त्यामुळे घर माळकऱ्याचे असले तरी मांजर माळकरी होऊ शकत नाही. घरात सामिष शिजत नसेल तर बाजारातील पिल्लांचे तयार खाद्य हा मार्ग आहे. पण दूध-भाकरीवर त्याला वाढवू नये.

मग दुधाचे काय? भूम तालुक्यातील खव्याच्या भट्ट्या पाहिल्या असतील त्यांना एक गोष्ट माहीत असते. पाच लिटरच्या आसपास दूध आटवावे तेव्हा कुठे किलोभर खवा पडतो, आणि खव्यातही पाणी उरलेलेच असते. दूध म्हणजे बहुतांशी पाणी. १ किलोच्या पिल्लाने केवळ गाईच्या दुधावर १७५ उष्मांक मिळवायचे तर त्याला रोज २७० मिलिलिटर दूध, म्हणजे आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, प्यावे लागेल. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, म्हणून तिची पिल्ले त्यावर पोसतात. शिवाय आईचे दूध सुटले की पिल्लाच्या आतड्यातील दुधातील साखर पचवणारा विकर कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पिल्लाला ढाळ लागतात. खाल्लेलेही निघून जाते, भूक वाढते, घरचे आणखी दूध पाजतात. या फेऱ्यात कित्येक पिल्ले दगावतात. वाटीत दुधाऐवजी स्वच्छ पाणी ठेवा.

तयार खाद्याच्या पिशवीवर 'पिल्लांसाठी' आणि 'संपूर्ण आहार' असे लिहिलेले पाहून घ्यावे. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० उष्मांक असतात. म्हणजे १ किलोच्या पिल्लाला दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम पुरेत. घरचेच द्यायचे तर उकडलेल्या अंड्यात ७० ते ७५ आणि शिजवलेल्या, हाडे काढलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत सुमारे १६० उष्मांक धरा. मात्र नुसत्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असतो. रानातले मांजर उंदीर हाडांसकट खाते, म्हणून त्याला तो मिळतो. केवळ मऊ मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. घरच्या अन्नात कॅल्शियम आणि टॉरिन किती घालावे, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच ठरवावे. तळ्यातली मासळी शिजवून, काटे काढून द्यावी. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांचे तुकडे आतड्यात टोचतात. आणि आपल्याकडचा उरलेला रस्सा तर मुळीच नको. त्यातील कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात.

एक शंका तरीही उरते. योग्य अन्न, योग्य प्रमाणात देऊनही पिल्लू भुकेलेच राहते, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि पाठ मात्र हाडकुळी, केस निस्तेज. अशा वेळी पोटात जंत असण्याचा संभव मोठा. आईच्या दुधातूनही ते पिल्लात येतात. औषध वजनावर द्यायचे असते, म्हणून ते पशुवैद्याकडूनच घ्यावे. माणसाची किंवा कुत्र्याची औषधे अंदाजाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते. पिल्लाची घाण काढल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नकोच.

तराजूचा कौल

'म्याव' हे मापनाचे साधन नाही. मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच 'म्याव' करतात. पिल्लू ते आईसाठी करते, आणि पुढे आपल्यासाठी. भूक, थंडी, एकटेपणा, सगळ्याला एकच शब्द. खरे साधन तराजू. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. दर रविवारी, ठरावीक वेळी, खाण्यापूर्वी, पिल्लाला टोपलीत ठेवून स्वयंपाकघरातील किंवा दुकानातील काट्यावर वजन करा व टोपलीचे वजन वजा करा. आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर ग्रॅम घेऊन आलेख काढा. रेषा आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास चढत असेल, आणि बरगड्या बोटांना लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत अशी स्थिती असेल, तर पिल्लाला पुरेसे मिळते आहे. मग त्याने कितीही गळा काढला तरी चालेल. रेषा दोन आठवडे आडवी राहिली, तर अन्न वाढवा किंवा दवाखाना गाठा. सहा महिन्यांनंतर रेषेचा चढ आपोआप कमी होतो, आणि नसबंदी केल्यावर गरज आणखी घटते. त्या वेळी मात्र वडिलांचे म्हणणे ऐकायला हरकत नाही.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, पण येथल्या प्रसिद्ध शेळीला लोक अजून उस्मानाबादीच म्हणतात. १६ किलो वजनाची एक उस्मानाबादी पाट एका बाजूला, आणि प्रत्येकी १ किलोची १६ मांजराची पिल्ले दुसऱ्या बाजूला. वजन दोन्हींकडे सारखेच. दोन्हींचा विश्रांतीचा रोजचा खर्च काढा आणि त्यांचे गुणोत्तर किती येते ते पाहा. १६ चा घन ४०९६. वर्गमूळ काढायला गणकयंत्रही लागणार नाही.